बाजारातून आणलेल्या आठ हार्ड डिस्क: डिजिटल न्यायवैद्यकाच्या प्रात्यक्षिकातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, पश्चिम महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात घडले. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक बाबी आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला तेथे सायबर सुरक्षा आणि डिजिटल न्यायवैद्यक (संगणकातील पुराव्यांचा तपास) हा विषय आहे. प्रात्यक्षिकांची यादी अशा अभ्यासक्रमांत सर्रास असते तशीच होती: संशयिताच्या डिस्कची बिट-प्रत, म्हणजे इमेज तयार करणे, मूळ डिस्क आणि इमेज यांची हॅश मूल्ये (मजकुरावरून गणिताने काढलेली, मजकूर जराही बदलला तरी बदलणारी ठशासारखी मूल्ये) जुळवून पाहणे, पुसलेल्या फायली परत मिळवणे, ब्राउझरचा इतिहास आणि विंडोजची रजिस्ट्री (सेटिंगांची अंतर्गत नोंदवही) वाचणे आणि शेवटी अहवाल लिहिणे. प्रयोगशाळेत इमेज तपासणारे ऑटोप्सी आणि इमेज तयार करणारे एफटीके इमेजर ही मोफत मिळणारी सॉफ्टवेअर होती. मूळ डिस्कवर चुकूनही काही लिहिले जाऊ नये यासाठी लागणारा राइट ब्लॉकर एकच असल्याने विद्यार्थ्यांचे गट तो पाळीपाळीने वापरत असत.

विषय शिकवणाऱ्या प्राध्यापिकेची अडचण सरावाच्या सामग्रीची होती. इंटरनेटवर सरावासाठी ज्या इमेज उपलब्ध आहेत त्यांपैकी प्रसिद्ध असलेल्यांची उत्तरेही इंटरनेटवरच सापडतात आणि विद्यार्थी ती जर्नलमध्ये उतरवून मोकळे होतात. त्यामुळे आधीची दोन वर्षे त्या स्वतः पेन ड्राइव्हवर दहा-बारा फोटो टाकून, ते पुसून गटांना देत होत्या. परंतु काय सापडणार हे पहिल्या गटाकडून दुसऱ्या गटाला कळायला मधली सुट्टी पुरेशी होत असे. खऱ्या वापरातील डिस्कवर जो पसारा असतो, म्हणजे अर्धवट फायली, वर्षानुवर्षांची थरावर थर बसलेली माहिती आणि नेमके काय शोधायचे हेच ठाऊक नसणे, तो अनुभव यातून मिळत नव्हता. ही तक्रार रास्त होती आणि पुढे जे झाले त्यामुळे ती चुकीची ठरत नाही.

विभागप्रमुखांच्या तोंडी संमतीने शहरातील जुन्या संगणकांच्या एका दुकानातून आठ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेण्यात आल्या. दुकानदाराने सांगितले, "फॉरमॅट मारून दिल्यात मॅडम, काही नाही त्यात." बिलावर "जुनी हार्ड डिस्क, ८ नग" एवढाच उल्लेख होता आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्येही तीच एक ओळ उतरवली गेली. अनुक्रमांक ना बिलावर होते ना रजिस्टरमध्ये. आठपैकी पाच डिस्क चालत होत्या.

समस्या

"फॉरमॅट मारला" म्हणजे माहिती गेली, हा समज विद्यार्थ्यांनी खोडून काढावा हाच प्रात्यक्षिकाचा उद्देश होता, आणि त्यांनी तो अपेक्षेपेक्षा चांगला साध्य केला. ज्या डिस्कवरून प्रकरण उभे राहिले ती ३२० जीबीची, मेजावरच्या संगणकातील साधी चकतीची डिस्क होती. तिच्यावर एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-मांडणी पद्धतीचे झटपट फॉरमॅट केलेले होते. अशा फॉरमॅटमध्ये फायलींची नवी, जवळजवळ कोरी सूची तयार होते. जुन्या सूचीतील बहुतेक नोंदी आणि प्रत्यक्ष मजकूर ज्या जागी होता त्या जागीच राहतो, फक्त ती जागा रिकामी समजली जाते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केल्यास सर्व सेक्टरांवर (डिस्कच्या लहान कप्प्यांवर) शून्ये लिहिली जातात, परंतु त्याला वेळ लागतो आणि दुकानात तेवढा वेळ कोणी देत नाही.

तीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने रात्रभर चालू ठेवलेल्या ऑटोप्सीमध्ये दुसऱ्या दिवशी शब्दशोध लावला. पॅन क्रमांकाची ठेवण ठरलेली असते: पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर, आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर पी. याचा शोध-नमुना लिहिणे हा त्या दिवशीच्या प्रात्यक्षिकाचाच भाग होता. नमुना चालवताच परिणामांची यादी थांबेना. त्यापाठोपाठ अनाथ झालेल्या, म्हणजे मूळ फोल्डरशी संबंध तुटलेल्या, नोंदींतून फोल्डरांची नावे दिसू लागली: व्यक्तींची नावे, त्यांखाली आर्थिक वर्षे, त्यांखाली विवरणपत्रे, फॉर्म १६, बँकेची स्टेटमेंट आणि आधार कार्डांचे स्कॅन. डिस्क एका सनदी लेखापालांच्या कार्यालयातील होती हे उघड झाले. एक एक्सेल फाइल तर अशी होती की तिच्यात ग्राहकाचे नाव, पॅन, प्राप्तिकराच्या संकेतस्थळाचा पासवर्ड आणि ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतो, असे स्तंभ ओळीने मांडलेले होते. लहान गावांतील कर सल्लागारांच्या कार्यालयांत अशी फाइल असते हे अनेकांना ठाऊक आहे. ती आपल्या समोर उघडेल याची मात्र त्या गटाला कल्पना नव्हती.

गटातील एका विद्यार्थिनीने प्राध्यापिकेला बोलावून हळू आवाजात सांगितले, "मॅडम, यातलं एक नाव आमच्या गावातलं आहे. मी ओळखते त्यांना." प्राध्यापिकेने त्या गटाला काम थांबवायला सांगितले, पडदा बंद केला आणि त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. उरलेल्या गटांचे प्रात्यक्षिक मात्र चालू राहिले. त्यांतील दोन गटांच्या स्वतःच्या डिस्क बंद पडलेल्या असल्याने त्यांच्या संगणकांवर याच डिस्कच्या इमेजची प्रत होती, ही गोष्ट त्या क्षणी लक्षात आली नाही. प्राध्यापिका परत येईपर्यंतच्या पाऊण तासात एका विद्यार्थ्याने एक्सेल फाइलचा पडदा मोबाइलने टिपून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. हेतू वाईट नव्हता. "बघा काय सापडलं" एवढाच होता. परंतु त्या छायाचित्रात सात जणांचे पासवर्ड वाचता येत होते.

विचारात घेतलेले पर्याय

त्याच सायंकाळी प्राचार्य, विभागप्रमुख, प्राध्यापिका आणि प्रयोगशाळा सहायक यांची बैठक झाली. जवळच्या विधी महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनाही बोलावून घेण्यात आले. या बैठकीचे टिपण मला पाहायला मिळाले आणि त्यातील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे पहिला तास "डिस्क ताबडतोब पुसून टाकावी की जपून ठेवावी" याच एका प्रश्नावर गेला. एकीकडे न्यायवैद्यकाचा पहिला पाठ म्हणजे पुराव्याला हात लावू नका, दुसरीकडे खाजगीपणाचा पहिला नियम म्हणजे जी माहिती आपली नाही ती ठेवू नका. एरवी हे दोन्ही धडे एकाच विषयात गुण्यागोविंदाने शिकवले जातात. येथे ते समोरासमोर उभे राहिले.

सर्व काही पुसून गप्प बसावे, हे प्रयोगशाळा सहायकांचे मत होते. ते भित्रेपणाचे म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. माहिती जितका जास्त वेळ राहील तितकी ती फुटण्याची शक्यता वाढते, आणि त्या दिवशी ती एकदा फुटलीही होती. परंतु विधीच्या प्राध्यापकांनी विचारले की डिस्क चोरीची असली तर काय? कार्यालयातून चोरलेल्या संगणकाचे सुटे भाग जुन्या बाजारात येणे ही काही अद्भुत गोष्ट नाही. तसे असेल तर पुसणे म्हणजे पुरावा नष्ट करणे ठरेल, आणि अनुक्रमांक नसलेले बिल महाविद्यालयाच्या बाजूने फारसे बोलणार नाही.

त्यांनी दुसरा मुद्दा प्रमाणपत्राचा मांडला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र असलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ती तरतूद कलम ६३ मध्ये आली. त्या कायद्याच्या परिशिष्टातील नमुन्यात दोन भाग आहेत, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे, आणि दोन्हींत हॅश मूल्य व ते कोणत्या पद्धतीने काढले हे लिहावे लागते. आपली इमेज उद्या कोणत्याही प्रकरणात मागितली गेली तर ती कोणी, कधी, कोणत्या यंत्रावर तयार केली हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागेल, असे त्यांनी बजावले. तोपर्यंत हॅश जुळवणे हे जर्नलमधील एक रकाना भरण्याचे काम समजले जात होते.

गोपनीयतेची हमी लिहून घेऊन त्याच डिस्कवर प्रात्यक्षिके पूर्ण करावीत, असाही पर्याय निघाला. विभागप्रमुखांना तो काही काळ पटला होता, कारण सत्राचे थोडेच आठवडे उरले होते. तो मागे पडला तो कायद्याच्या एका साध्या भेदामुळे: डिस्क महाविद्यालयाने विकत घेतली होती, तिच्यावरील माहिती विकत घेतलेली नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीविषयी बोलते आणि महाविद्यालय त्या डिस्कचे मालक होते, त्यामुळे ते कलम येथे थेट लागू होईल का यावर वाद घालता आला असता. परंतु ज्यांची विवरणपत्रे पडद्यावर दिसत होती त्यांची संमती कोणीच घेतलेली नव्हती, आणि हे एकदा दिसल्यानंतर पुढे जाणे हे अजाणतेपणाने घडलेले राहत नाही.

दुकानदाराला डिस्क परत करण्याची सूचना कोणीतरी केली आणि ती लगेच बाद झाली. तसे केल्यास त्याच फायली पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती गेल्या असत्या.

उरले दोन पर्याय: पोलिसांना कळवणे आणि लेखापालांना कळवणे. कोणाला आधी, यावर मतभेद होते. प्राचार्यांचा कल लेखापालांना फोन करून सामोपचाराने मिटवण्याकडे होता. पोलिसांत गेले की महाविद्यालयाचे नाव वर्तमानपत्रात येईल ही भीती त्यांनी बोलूनही दाखवली. शेवटी दोन्ही एकाच दिवशी करायचे ठरले.

प्रत्यक्ष कार्यवाही

बैठक संपण्यापूर्वीच डिस्क लिफाफ्यात घालून, वर कंपनी आणि अनुक्रमांक लिहून, चौघांच्या सह्या घेऊन आणि लाखेची मोहोर लावून परीक्षा विभागाच्या कपाटात ठेवण्यात आली. प्रश्नपत्रिकांसाठी असलेली ही व्यवस्था येथे उपयोगी पडली. कपाटाच्या किल्लीची आणि उघडझाकीची नोंद तेथे आधीपासूनच होत असे. उरलेल्या सातही डिस्क न उघडता वेगळ्या लिफाफ्यात गेल्या. तिन्ही इमेज प्रतींचे एसएचए-२५६ पद्धतीचे हॅश मूल्य मूळ डिस्कच्या मूल्याशी जुळते का हे पाहून त्याचे टिपण करण्यात आले, एक प्रत मोहोरबंद ठेवली गेली आणि बाकीच्या दोन प्रतींचा निकाल लावण्याचे काम सुरू झाले.

हे काम वाटले त्यापेक्षा बरेच मोठे निघाले आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. इमेजची फाइल पुसली की झाले, असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात ऑटोप्सी प्रत्येक प्रकरणासाठी जो फोल्डर तयार करते त्यात शब्दशोधाची स्वतंत्र सूची असते, आणि त्या सूचीत इमेजमधून काढलेला मजकूर साठवलेला असतो. इमेज हटवल्यावरही त्या सूचीत पॅन क्रमांक तसेच्या तसे सापडत होते. छायाचित्रांच्या लघुप्रती वेगळ्या ठिकाणी होत्या. विद्यार्थ्यांनी "एक्स्पोर्ट" करून डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली आणखी वेगळ्या होत्या. एका गटाने घरी अहवाल लिहिण्यासाठी काही फायली पेन ड्राइव्हवर नेल्या होत्या, ज्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन आणून दिल्या. आणि जर्नल! दोन गटांच्या जर्नलमध्ये पडद्याची छापील चित्रे चिकटवलेली होती, वर प्राध्यापिकेची सही आणि दिनांक. तंत्रज्ञानाने केलेल्या प्रती शोधण्यात सर्व गुंतले असताना कागदाची प्रत कपाटात उघड्यावर होती आणि ती विभागाच्या शिपायांच्या लक्षात आली.

प्रयोगशाळेतील संगणकांमध्ये एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्क) असल्याने आणखी एक पेच होता. चकतीच्या डिस्कवर एखाद्या जागी नवीन मजकूर लिहिला की जुना जातो. एसएसडी मात्र झीज सारखी राहावी म्हणून नवे लेखन दुसऱ्याच पेशींत करते, त्यामुळे एकेक फाइल "खोडून" ती नक्की गेली असे म्हणता येत नाही. म्हणून तीन संगणकांच्या एसएसडी उत्पादकाने पुरवलेल्या संगणक-आज्ञेने संपूर्ण पुसून त्यांवर सर्व काही नव्याने बसवण्यात आले. विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर असताना तीन यंत्रे अडकणार म्हणून प्रयोगशाळा सहायकांनी हरकत घेतली होती. ती ऐकून उरलेल्या संगणकांची केवळ तपासणी झाली आणि त्यांवर या इमेजचा मागमूस नसल्याचे टिपण ठेवले गेले.

व्हॉट्सअॅपवरील छायाचित्र विद्यार्थ्याने सर्वांसाठी हटवले होते. पण ग्रुपमधील अनेकांच्या मोबाइलमध्ये आलेली चित्रे आपोआप गॅलरीत उतरत होती, काहींच्या गॅलरीची प्रत क्लाउडवर जात होती आणि तेथून हटवलेले चित्र काही काळ कचरापेटीत राहते. वर्गातल्या प्रत्येकाने आपला मोबाइल स्वतः तपासून, गॅलरी, क्लाउड आणि कचरापेटी या तिन्ही ठिकाणांचा उल्लेख असलेले निवेदन द्यावे, असे ठरले. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांचे मोबाइल हातात घेऊन पाहावेत ही सूचना बैठकीत आली होती. एका खाजगीपणाच्या भंगावर दुसरा भंग हा उपाय होऊ शकत नाही, असे सांगून प्राध्यापिकेने ती नाकारली. छायाचित्र टाकणाऱ्या विद्यार्थ्याचे सत्र वाया घालवायचे की नाही यावर मात्र दोन तट पडले. अखेर त्याच्याकडून लेखी हमी घेतली गेली आणि प्रतींच्या शोधाचा सविस्तर तक्ता तयार करण्याचे काम त्याच्यावर सोपवण्यात आले. तो तक्ता मी पाहिला आहे. अनेक नोकरदारांना जमणार नाही इतक्या नेटकेपणाने त्याने तो केला होता.

पोलिसांकडे दिलेल्या अर्जात डिस्कची कंपनी, अनुक्रमांक, खरेदीचे बिल, दुकानाचा पत्ता आणि "सनदी लेखापालांच्या कार्यालयातील माहिती असल्याचे दिसते" एवढेच लिहिले होते. एकाही ग्राहकाचे नाव नव्हते. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्याने अर्ज घेऊन पोच दिली. त्याच दुपारी कार्यालयीन अधीक्षकांनी लेखापालांच्या कार्यालयात फोन केला. त्यांनी महाविद्यालयाचे नाव सांगून "तुमच्या जुन्या संगणकाची डिस्क आमच्याकडे आली आहे" असे म्हणताच पलीकडून उत्तर आले, "असले फोन रोज येतात. किती पाहिजेत ते सरळ सांगा." आणि फोन ठेवला गेला. डिजिटल फसवणुकीचे दिवस पाहता त्या गृहस्थांचे काही चुकले असे म्हणवत नाही. त्यानंतर महाविद्यालयाच्या लेटरहेडवर रजिस्टर पोस्टाने पत्र गेले आणि त्यासोबत पोलिसांच्या पोचीची प्रत जोडली गेली. त्या प्रतीने जे काम केले ते दहा फोनांनी झाले नसते. खंडणी मागणारा माणूस आधी पोलिसांत अर्ज करत नाही.

परिणाम

पत्र मिळाल्यानंतर फर्मचे एक भागीदार अधिकारपत्र घेऊन आले. कार्यालय दुसऱ्या जागी हलवताना जुने संगणक एका भंगारवाल्याला दिले होते आणि "त्यानेच पुसून घेतो म्हणून सांगितले होते", असे त्यांनी लिहून दिले. पोलिसांकडूनही त्या अनुक्रमांकाची चोरीची तक्रार नसल्याचे कळवण्यात आले. पुरावा जपण्याचे कारण अशा रीतीने संपल्यावर भागीदारांच्या समोर डिस्कवर शून्ये लिहिण्यात आली. ३२० जीबीच्या अशा डिस्कला त्यासाठी साधारण तासभर लागतो, आणि तेवढा वेळ ते गृहस्थ प्रयोगशाळेत खुर्ची टाकून बसले होते. नंतर त्यांच्याच सांगण्यावरून मधले कोणतेही सेक्टर उघडून दाखवले गेले. मोहोरबंद इमेजही त्याच वेळी नष्ट झाली आणि उभयतांच्या सह्यांचा पंचनामावजा कागद तयार झाला.

ग्राहकांना कळवायचे की नाही, हा वाद मात्र मिटला नाही. भागीदारांची इच्छा होती की प्रकरण तेथेच संपावे. ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे हे सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या परिशिष्टानुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. महाविद्यालयाने ग्राहकांशी थेट संपर्क करायचा नाही असे ठरवले, कारण त्यासाठी तीच नावे आणि क्रमांक पुन्हा वापरावे लागले असते. त्याऐवजी यादीतील सर्व पासवर्ड बदलले जातील आणि ग्राहकांना त्याचे कारण सांगितले जाईल, असे पत्र फर्मकडून घेण्यात आले. पासवर्ड बदलल्याचे पत्र पुढे आले. कारण सांगितले गेले की नाही, हे पडताळण्याचा मार्ग महाविद्यालयाकडे नव्हता.

यात सर्वांत अवघड जागी सापडली ती पहिली विद्यार्थिनी. ज्यांचे नाव तिने ओळखले ते गृहस्थ तिच्या घरी येणारे-जाणारे होते आणि त्यांचे उत्पन्न, कर्ज, पासवर्ड हे सर्व तिने पाहिलेले होते. कोणाशी बोलू नकोस, एवढेच तिला सांगण्यात आले. तिने ते पाळले. एकवीस वर्षांच्या मुलीवर असे ओझे टाकणे योग्य नव्हते असे मला वाटते. तिला निदान फर्मचे पत्र दाखवून, संबंधितांचा पासवर्ड बदलला गेला आहे हे सांगायला हवे होते. ते कोणाच्या लक्षात आले नाही.

दोन गटांच्या जर्नलमधील पाने काढून टाकण्यात आली आणि त्या जागी "प्रात्यक्षिक विभागाच्या निर्णयाने रद्द" असा शेरा प्राध्यापिकेच्या सहीने आला. विद्यार्थ्यांचे गुण कापले गेले नाहीत.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू खरेदीच्या आधीचा होता. वापरलेल्या डिस्कवर खऱ्या लोकांची माहिती सापडते हे काही गुपित नाही. एमआयटीतील सिमसन गार्फिंकल आणि अभी शेलात या दोन विद्यार्थ्यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन केलेला अभ्यास २००३ मध्येच प्रसिद्ध झाला. चालू असलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या आणि एकूण पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले होते. हा अभ्यास वर्गात शिकवला जात होता. डिस्क रिकाम्या नसतील हे ठाऊक होते म्हणूनच त्या घेतल्या गेल्या. मग माहिती सापडल्यावर काय करायचे हे आधी लिहून ठेवणे अवघड नव्हते, आणि याहून भयंकर काही निघण्याची शक्यताही गृहीत धरायला हवी होती. बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण बाळगणे हेदेखील कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधील निकालात सांगितले आहे; अनोळखी डिस्कमधून सरसकट चित्रे बाहेर काढण्याचे प्रात्यक्षिक वर्गाला कोठे नेऊन ठेवू शकते याचा विचार त्या निकालानंतर तरी प्रत्येक विभागाने करावा.

दुसरा बिंदू त्या पाऊण तासाचा. एका गटाला थांबवून इतरांना चालू ठेवणे हे शिक्षकाच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे झाले. एका टेबलावरची अडचण म्हणून सगळा वर्ग कोणी सोडत नाही. परंतु इमेजच्या प्रती कोणकोणत्या यंत्रांवर आहेत याची यादी समोर लावलेली असती, तर एकच नजर टाकून तिन्ही पडदे बंद झाले असते. ताब्याची साखळी, म्हणजे पुरावा कधी कोणाच्या हाती होता याची नोंद, शिकवणाऱ्या वर्गात स्वतःच्या प्रतींची साखळी लिहिलेली नव्हती, हा विरोधाभास बैठकीत कोणी बोलून दाखवला नाही, पण पुढच्या वर्षीच्या नियमांत प्रतींची यादी ठेवण्याचा नियम पहिल्या क्रमांकावर आहे. मोबाइल बाहेर ठेवण्याचा नियम दुसरा आहे. दोन्हींत निवड करायची झाली तर मी पहिला ठेवीन. मोबाइलबंदीने शिस्त येते, माहिती कोठे आहे ते कळत नाही.

पोलिसांकडे जाण्यात प्राचार्यांनी घेतलेला संकोच समजण्यासारखा असला तरी अनुभव उलटा आला. वर्तमानपत्रात काही आले नाही, आणि पोलिसांच्या पोचीशिवाय फर्मशी बोलणेच शक्य झाले नसते.

सरावाच्या सामग्रीची मूळ अडचण कशी सुटली, हे सांगणे आवश्यक आहे, नाहीतर पुढचे प्राध्यापक पुन्हा त्याच बाजारात जातील. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने आणि डिजिटल कॉर्पोरा या संग्रहाने अभ्यासासाठी खुल्या केलेल्या इमेजमध्ये काल्पनिक पात्रांनी आठवडे-महिने प्रत्यक्ष वापरलेल्या संगणकांच्या डिस्कही आहेत. खऱ्या माणसाशिवाय खरा पसारा तयार होतो तो असा. तीच पद्धत येथे उचलण्यात आली. पुसलेल्या पाच डिस्क पाच संगणकांत बसवल्या गेल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सत्रभर एका काल्पनिक कृषी सेवा केंद्राचा कारभार त्यांवर केला: खतांची बिले, उधारीची वही, मालक आणि नोकर यांच्यातील ईमेल, मध्येच एक बनावट पावती आणि ती लपवण्याचा प्रयत्न. पुढच्या तुकडीने ती शोधायची आणि तोवर स्वतःची नवी डिस्क तयार करायची. उत्तरे दरवर्षी बदलतात, त्यामुळे इंटरनेटवर मिळत नाहीत.

या कामात विद्यार्थ्यांनी बनावट क्रमांकांचा एक नियम केला. मनाने लिहिलेला पॅन चुकून कोणाचा तरी खरा निघू शकतो, म्हणून चौथ्या जागी करदात्याच्या कोणत्याच प्रकारासाठी न वापरले जाणारे अक्षर घालायचे. खरा आधार क्रमांक शून्याने किंवा एकाने सुरू होत नाही, म्हणून बनावट क्रमांक शून्यानेच सुरू करायचा आणि शेवटचा पडताळणी अंकही मुद्दाम चुकवायचा. शोध-नमुने त्यांवरही तसेच चालतात. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आता या पाच डिस्कच्या पाच स्वतंत्र ओळी आहेत, प्रत्येकीपुढे अनुक्रमांक, पुसल्याचा दिनांक आणि पुसणाऱ्याची सही. बंद पडलेल्या तीन डिस्क चकत्यांना भोके पाडून नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे गेल्या असून त्या केंद्राची पावती रजिस्टरलाच टाचलेली आहे.